चोकच्या बटणाखालचा शब्द

त्या डब्यातल्या लाल पेन्सिलीकडे बघून तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. वायरमनच्या शेडमध्ये टेस्टर असावा, पक्कड असावी, टेपची रिळं असावीत. टोक केलेली लाल पेन्सिल कशाला? विचारलंत म्हणून सांगतो. त्या टायरवर बसा, स्टूल डगमगतो. दिवा जरा तुमच्या बाजूला ओढून घेतो.

मला इथे सगळे टेस्टर म्हणतात. खिशात कायम तो असतो हे एक कारण. दुसरं शेजारचा इंजिनवाला मिस्त्री सांगतो: तारेत वीज आहे असं खुद्द विजेने येऊन सांगितलं, तरी हा माणूस टेस्टर लावून बघेल. खरं आहे ते. गाड्यांच्या वायरिंगमध्ये एकतीस वर्षं गेली माझी. गाडी कधी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं माझं साधं मत होतं. भुताखेतांचं म्हणाल तर तो विषय कोणी काढला की मी उठून चहा आणायला जायचो.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होताना, एक जुनी गाडी टोचन लावून इथे आली. गोल दिव्यांची, फिकट हिरवी, पन्नास वर्षांपूर्वीची. ओढणाऱ्या ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारून, एक साठी ओलांडलेल्या बाई उतरल्या. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, हातात गाडीच्या कागदांची फाइल. इस्पितळात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्या होत्या, पण गल्ली अजून त्यांना सिस्टरच म्हणायची. आम्हीही तेच म्हणू लागलो.

त्यांचं मागणं सरळ होतं. गाडी दिसायला अशीच राहू द्या, पण आतलं इंजिन बदला. कार्ब्युरेटर नको, चोक नको. नवीन गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवा आणि त्याची वायरिंग या गाडीत करून द्या. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे समजावून पाहिलं की जुनं इंजिन अजून ठणठणीत आहे, उगाच आतडी बदलण्यात काय अर्थ आहे. सिस्टर ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या आणि एक इंचही हलत नव्हत्या.

"मला एका चावीत सुरू होणारी गाडी हवीय," त्या म्हणाल्या. "दोन नाही. एका."

मग त्यांनी कारण सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. पेशंटची माहिती पुढच्या पाळीच्या नर्सला द्यावी तसं सांगितलं. आदल्या वर्षी, अशाच दिवसांत, दुपारी सव्वातीनला त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली. चेहरा बघूनच त्यांना कळलं. मोठा रस्ता खणलेला, रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं लागणार होती. गाडीने मधल्या गल्लीतून गेलं तर इस्पितळ आठ मिनिटांवर. त्यांनी यजमानांना धरून धरून शेजारच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा नाही. यजमानांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कसाबसा हात उचलला आणि सिस्टरचा हात बाजूला ढकलला. दोनदा. थोड्या वेळाने बॅटरीच बसली. रुग्णवाहिका आली तेव्हा घाईचं काही उरलं नव्हतं.

"अडतीस वर्षांत त्यांनी माझा हात कधी झटकला नव्हता," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या आणि फाइलची नाडी पुन्हा बांधली.

मिस्त्री म्हणाला, मग ही गाडी ठेवायचीच कशाला? विकून टाका, दुसरी घ्या. त्यावर सिस्टर म्हणाल्या, आमच्या गल्लीत सगळी म्हातारी माणसं, कोणाला काही झालं की पहिलं दार माझं वाजतं. दुसऱ्या गाडीने कोणीही नेईल. मला याच गाडीने एकदा तरी कोणाला वेळेवर पोचवायचंय.

मग मिस्त्री इंजिन कुठे मिळेल ते बघू लागला. मागून धडक बसलेली चार वर्षांची एक गाडी त्याच्या माहितीत होती. तिचं पुढचं इंजिन जसंच्या तसं होतं. वायरिंगसकट, कॉम्प्युटरसकट, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलसकट ते आणायचं ठरलं. जाताना सिस्टरने एकच अट घातली. डॅशबोर्डवरचं चोकचं बटण काढायचं नाही. उपयोग नसला तरी राहू द्या.

त्या बटणाखाली कागदाची एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. काळ्या शाईत, सुबक अक्षरात एकच शब्द: ओढा.

अशा पट्ट्या गाडीभर होत्या. दारावर 'आपटू नये', काचेच्या हँडलवर 'सावकाश फिरवावे', कप्प्यावर 'कागदपत्रे व औषधे'. यजमान एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करायच्या, हा त्यांचा धंदा. कुठे ध चा मा होऊ द्यायचा नाही. गल्लीने त्यांना 'काना-मात्रा' असं नाव ठेवलं होतं, कारण हा गृहस्थ दुकानाच्या पाट्यासुद्धा सोडत नसे. किराणावाल्याच्या फळीवर खडूने लिहिलेला दर वाचताना आधी वेलांटी सुधारायचा आणि मग पिशवी पुढे करायचा. 'ओढा' ही पट्टी त्यांनी सिस्टरसाठी लावली होती. गाडी शिकवायला सुरुवात केली ती एका गारठ्याच्या सकाळी. इंजिन थंड, चोक ओढल्याशिवाय सुरू होईना, आणि सिस्टर दर वेळी विसरायच्या.

मी कामाला लागलो. जुन्या गाडीचं वायरिंग म्हणजे सरळमार्गी माणूस. एक तार, एक दिवा, हिशेब संपला. नव्या गाडीचं म्हणजे सरकारी कचेरी; इथल्या माणसाला तिथल्या माणसाची सही लागते, नाहीतर कागद हलत नाही. त्या इंजिनाबरोबर वायरींचा जो जुडगा आला त्यात दोनशेच्या वर तारा होत्या. मला लागणार होत्या चाळीसेक. बाकीच्या एकेक सोडवून, तपासून, टोकं बंद करून बाहेर काढायच्या. एक चुकीची तार कापली की सगळं मुसळ केरात.

पंधरा दिवस मी त्या डॅशबोर्डखाली उताणा पडून होतो. आत एक वास असायचा. जुन्या सीटचा, दुखण्यावर चोळायच्या मलमाचा आणि छपाईच्या शाईचा. चांगला वास होता तो, खोटं कशाला बोलू. त्रास होता तो फक्त चोकच्या बटणाचा. त्याची मागची केबल मी वीतभर ठेवून कापली होती. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. ते बाहेर असलं की केबलचं टोक माझ्या जुडग्याच्या आड यायचं, म्हणून जाताना मी ते आत दाबून ठेवायचो. सकाळी शेड उघडावी तर बटण बाहेर. अर्धा इंच, रोज तेवढंच. आतली स्प्रिंग असेल, म्हणून मी दाबत राहिलो.

सोळाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज असा मऊ की मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवून खात्री केली. आम्ही तासभर ते चालवलं, तापवलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. दहा वेळा चावी, दहा वेळा सुरू. सिस्टरला निरोप धाडला आणि त्या येईपर्यंत इंजिन अधूनमधून चालवत राहिलो.

त्या दुपारी तीनच्या सुमाराला आल्या. पर्स मागच्या सीटवर ठेवली, चष्मा पुसला, ड्रायव्हरच्या जागी बसल्या. मी खिडकीबाहेर उभा होतो. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि हात आपोआप गेल्यासारखा बटणाकडे गेला. त्यांनी चोक ओढला. मला हसू आलं. जुनी सवय, आणि बटणाला आता मागे-पुढे कोणी नाही. ओढू दे बिचारीला.

चावी फिरली. स्टार्टर घरघरला. इंजिन उचलेना.

त्यांनी पुन्हा फिरवली. घर्र... घर्र... घर्र... मी आत वाकून दिवे पाहिले, सगळे ठीक. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझं वायरिंग, माझी एकतीस वर्षं, सगळं मला तिथल्या तिथे नकोसं झालं. त्यांनी चावीवरचा हात काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

सव्वातीन वाजले होते. मी सांगितलं नाही, पण भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या समोरच होतं. त्या उतरल्या. म्हणाल्या, टेस्टरभाऊ, तुमच्या कामात दोष नसेल. दोष माझ्या हातातच असेल. आणि चालत निघून गेल्या. पर्स मागच्या सीटवर तशीच राहिली, ती मिस्त्री धावत जाऊन देऊन आला.

परत येऊन त्याने चावी फिरवली. गाडी सुरू. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, इंजिन माझं आहे, ते चालतंय, आता तारांचं तू बघ. एक गोष्ट मात्र डोळ्याला दिसली होती. सिस्टरने ओढलेलं बटण आता आत होतं. तू दाबलंस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी त्या बटणाला कशाला हात लावू.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं. दुपारी वीज गेली आणि शेडमध्ये संध्याकाळसारखा अंधार झाला. मिस्त्री सामान आणायला गेला होता. मी एकटाच. इंजिन तापवून बंद केलं, इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडून मांडीवर घेतला आणि ठरवलं की सिस्टरने जे केलं तेच, त्याच क्रमाने करायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं कितीदा होतं आमच्या धंद्यात. त्या बसल्या, मी बसलो. त्यांनी बटण ओढलं, मी ओढलं. त्यांनी चावी फिरवली, मी फिरवली.

घर्र... घर्र...

सुरू झाली नाही. मी स्कॅनरकडे पाहिलं. इंजिनाचं तापमान बरोबर, बॅटरी बरोबर, आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल शंभर टक्के. म्हणजे जमिनीला टेकेपर्यंत दाबलेलं.

माझे दोन्ही पाय मागे, सीटखाली ओढलेले होते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. नव्या इंजिनाची एक शिकवण असते. पेडल पूर्ण दाबून कोणी स्टार्टर मारला, तर कॉम्प्युटर समजतो की आत पेट्रोल जास्त झालंय, ते उडवून लावायचंय. मग तो पेट्रोल बंद ठेवतो आणि नुसती हवा ओढतो. म्हणून ती गाडी सुरू होत नव्हती. पण पेडल कोणी दाबलंच नव्हतं, तर शंभर आलं कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात कसं येणार? तार घासली असेल, असं मला वाटलं. पण त्या पेडलात दोन सेन्सर असतात. एक खरा, एक त्याचा साक्षीदार. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या बरोबर निम्मा यावा लागतो. तारेत दोष असला की साक्षीदार फुटतो. इथे दोघांची साक्ष तंतोतंत जुळत होती. असं फक्त पायाने होतं.

मी खाली पाहिलं. पेडल टेकलेलं होतं.

वास वाढला होता. शाईचा आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. माझी बोटं अजून चोकच्या बटणावर होती, ती काढायचं मला सुचत नव्हतं. आणि त्या बोटांवर, शेजारच्या रिकाम्या सीटच्या बाजूने, एक हात येऊन टेकला.

गार होता. कोरडा, कागदासारखा. मधल्या बोटाला पेन्सिल धरून धरून पडलेला घट्टा होता, तो मला माझ्या बोटावर नीट कळला. त्याने माझा हात पुढे ढकलला. सावकाश. थांबला, आणि पुन्हा ढकलला. बटण आत गेलं. मग हात उचलला गेला. स्कॅनरवरचा आकडा उतरू लागला: शंभर, ऐंशी, पंचेचाळीस, दहा, शून्य. कोणीतरी पाय अलगद वर घेत होतं.

मी भ्यालो का? भ्यालो. पण एक सांगतो, आयुष्यात मी पुष्कळ हात झेललेत. बापाचे, उस्तादांचे, गिऱ्हाइकांचे. रागाचा हात कसा असतो ते मला कळतं. तो हात रागाचा नव्हता. मुलाला पाटीवर अक्षर गिरवून घेताना धरतात, तसला होता.

मी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

आणि मग सगळं माझ्या लक्षात आलं. चोक ओढायचा तो इंजिन थंड असताना. तापलेल्या इंजिनाला चोक ओढला तर पेट्रोल जास्त होतं आणि ते गुदमरतं. अशा वेळी चोक आत ढकलायचा, पेडल पूर्ण दाबायचं आणि स्टार्टर मारायचा. जुन्या गाड्या चालवलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. काना-मात्रांना माहीत होतं. पण त्या दुपारी त्यांना बोलता येत नव्हतं, आणि पाय पेडलपर्यंत पोचत नव्हता. पोचत होता तो फक्त हात.

मिस्त्री आल्यावर मी त्याला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. गाडीपासून दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "सिस्टरला सांगू नकोस."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आज सिस्टरला वाटतंय की गाडीने दगा दिला. उद्या कळेल की गाडी धड होती, चोक त्यांनी ओढला आणि आठ मिनिटांवरचं इस्पितळ त्यांच्याच हाताने गेलं. आगीतून काढून फुफाट्यात टाकायचं म्हातारीला? मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोने विचारलं, कोणती गाडी अडलीय? मी म्हटलं, गाडी नाही अडलेली. पण न सांगावं तर त्या उरलेला जन्म झटकलेला हात घेऊन काढणार होत्या. सांगावं तर हे. दोन्हीकडून काटाच.

सकाळी मी त्यांना बोलावलं. मिस्त्री कारण काढून बाहेर गेला. सिस्टर याच टायरवर बसल्या होत्या, तुम्ही बसलाय तिथेच.

मी विचारलं, यजमान गेले त्या दुपारी, त्याआधी गाडी कुठे नेली होती का? हो, त्या म्हणाल्या, औषधाच्या दुकानात जाऊन दोघं नुकतेच परत आलो होतो. दहा मिनिटं झाली असतील. मग मी विचारलं, चोक ओढला होतात? ओढला होता, असं त्या म्हणाल्या, तिथे लिहिलंच आहे. आणि बोलता बोलता थांबल्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तापलेलं इंजिन, चोक, पेट्रोल. तो हात तुम्हाला नव्हता ढकलत, बटण ढकलत होता. हे मला कसं कळलं ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे त्यांनी खूप वेळ पाहिलं, त्यात त्यांना काय दिसायचं ते दिसलं असावं.

"म्हणजे मी ओढलं नसतं तर सुरू झाली असती..."

"झाली असती."

"आणि ते वाचले असते?"

"ते मला नाही सांगता येणार, सिस्टर."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. नर्सच्या आवाजात म्हणाल्या. मग तो आवाज सुटला आणि त्या रडल्या. मी टेस्टर हातात फिरवत बसून राहिलो. दुसरं काय करणार? बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"चूक मला पचवता येईल, टेस्टरभाऊ. वॉर्डात आयुष्य गेलं, चुका पाहिल्यात, केल्यात. त्यांचा राग मला पचत नव्हता."

मी इंजिन तापवून ठेवलं होतं. त्या जाऊन बसल्या. हात सवयीने बटणाकडे गेला, आणि त्यावर नुसता टेकून राहिला. मी बाहेर होतो, पण त्यांचं बोलणं ऐकू आलं. "अहो, नाही ओढत आता. कळलं मला..." मग चावी. अर्ध्या चावीत इंजिन सुरू झालं. त्यांनी लगेच बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शेजारच्या सीटकडे बघत बसल्या.

तारांना शेवटची टेप गुंडाळायची राहिली होती, म्हणून गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायची ठरली. त्या रात्री जाण्यापूर्वी मी माझी कामाची वही काढली. प्रत्येक गाडीचा दोष आणि त्याचं कारण मी त्यात लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी डोकं फोडायला नको. शुद्धलेखन माझं यथातथाच. शाळेत मास्तरांनी हात टेकले होते. गाडीत बसूनच लिहिलं, निळ्या पेनाने: 'गाडि गरम असताना सिस्टरच्या चूकीमुळे पेट्रोल जास्त झाले.' वही डॅशबोर्डवर राहिली. शेडला कुलूप घातलं. किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला असते.

सकाळी कुलूप काढलं. कडाक्याची थंडी होती, इंजिन रात्रभर बंद. चोकचं बटण अर्धा इंच बाहेर होतं. आता मला त्याचं काही वाटलं नाही. थंड असलं की ओढतात, बरोबरच आहे. पण वही उघडी होती आणि तिच्या खाचेत ती लाल पेन्सिल होती. मी आणलेली नव्हती.

'गाडि'ची वेलांटी लाल रेघेने दीर्घ केली होती. 'चूकीमुळे'तला चू कापून समासात 'चु' लिहिला होता, गोल काढून. चूक या शब्दातच माझी चूक, ती बरी सापडली त्यांना. पण तिसरी दुरुस्ती शुद्धलेखनाची नव्हती. 'सिस्टरच्या' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला होता आणि वर, त्या पट्टीवरच्याच अक्षरात, लिहिलं होतं: 'माझ्या'.

मी ते वाचलं आणि बटणाखालच्या पट्टीकडे पाहिलं. ओढा. कधी ओढा, कधी ओढू नका, काही नाही. गावभरच्या पाट्या सुधारणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोसाठी लिहिलेली सूचना अर्धी सोडली होती.

सिस्टर आल्या तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"अडतीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं यांनी," त्या म्हणाल्या, "आणि तेही लेखी."

ते पान त्यांनी मागून घेतलं आणि फाइलीत, गाडीच्या कागदांत ठेवलं. गाडी घेऊन गेल्या. आजवर गल्लीतल्या चौघांना त्यांनी त्या गाडीने इस्पितळात पोचवलंय, चौघंही वेळेवर. दोघांनी सांगितलं की वाटेत मागच्या सीटवर शाईचा वास येत होता.

पेन्सिल मी त्यांना देऊ केली होती. राहू दे तुमच्याकडे, असं त्या म्हणाल्या. म्हणून ती त्या डब्यात आहे. मी तिने कधी काही लिहिलं नाही, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, आणि टोक करायचं यंत्र या शेडमध्ये नाही. आली तेव्हा वीतभर होती. आता बघा, माझ्या करंगळीएवढी उरलीय, आणि टोक आज सकाळी केल्यासारखं आहे.